शेतावरचा मुक्काम : साधेपणा कोणता आणि हयगय कोणती

शहरातील कुटुंबाने एक-दोन दिवस शेतावर, मातीच्या किंवा कौलारू घरात, चुलीवरचे जेवण घेत आणि गुराढोरांच्या सहवासात राहायला जाणे, या प्रकाराला गेल्या दोन दशकांत पुणे जिल्ह्यात व्यवसायाचे निश्चित रूप आले आहे. ‘गावरान’ आणि ‘अस्सल’ या शब्दांनी त्याची जाहिरात होते. परंतु या शब्दांच्या आड कुटुंबाला नेमके काय मिळते, कोणत्या गैरसोयी सोसाव्या लागतात आणि त्यांतल्या कोणत्या सोसण्याजोग्या असतात, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. असा हिशेब मांडण्यासाठी हवेली तालुक्यातील लोणी काळभोर आणि त्याच्या आसपासचा पट्टा विशेष सोयीचा आहे, कारण पुणे–सोलापूर महामार्गावरील या गावात उसाचे मळे, रोपवाटिका, विद्यापीठ, तेल कंपन्यांची साठवण आगारे आणि नव्या वसाहती एकमेकांना लागून आहेत, आणि त्यामुळे खरी शेती कोठे संपते व शेतीचा देखावा कोठे सुरू होतो हे येथे चटकन दिसून येते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण एकाच फलकाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कृषी पर्यटन केंद्र म्हणजे शेतकऱ्याने आपल्या चालू शेतीला जोडधंदा म्हणून पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची केलेली सोय. फार्महाऊस म्हणजे शहरात राहणाऱ्या मालकाने शेतजमिनीवर स्वतःच्या विश्रांतीसाठी बांधलेले आणि एरवी भाड्याने दिलेले घर. आणि रिसॉर्ट म्हणजे करमणूक व निवास हाच मुख्य धंदा असलेले ठिकाण, ज्यात बैलगाडी, विहीर आणि चूल हे सजावटीचे भाग असू शकतात. फार्महाऊसची परंपरा या गावाला नवी नाही. अभिनेते-दिग्दर्शक राज कपूर यांची राजबाग ही मुळा-मुठेच्या काठावरची मालमत्ता लोणी काळभोरमध्येच होती आणि आज त्या जागेवर एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठाचा परिसर आहे. शहरी माणसाला शेतावर एकांत हवासा वाटणे ही गोष्ट त्या काळापासून येथे परिचित आहे. नवे आहे ते शेतकऱ्याने स्वतः यजमान होणे.

महाराष्ट्रात या नव्या वळणाला संघटित रूप देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर पांडुरंग तावरे यांच्याकडे जाते. त्यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन विकास संस्था उभी करून बारामतीजवळच्या पळशीवाडी येथे प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकाचे केंद्र चालवले. पुढे राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले, किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करण्याची वाट खुली केली आणि नोंदणीनंतर काही सवलतींचा लाभ देऊ केला. युरोपात हा विचार याहून जुना आहे. फ्रान्समध्ये ग्रामीण घरांतील निवासाची जीत द फ्रान्स ही संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली, तर इटलीने १९८५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. इटलीच्या कायद्याचे मर्म असे, की पाहुण्यांची सोय ही शेतीशी निगडित आणि तिला पूरक असली पाहिजे व शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. ही अट वरवर शेतकऱ्यासाठी घातलेली दिसते, पण ती पाहुण्याच्याही हिताची आहे, कारण ज्या ठिकाणी शेती खरोखर चालू असते तेथेच पाहण्यासारखे, विचारण्यासारखे आणि खाण्यासारखे काही रोज नव्याने उत्पन्न होत असते.

या निवासाच्या गुणदोषांची चर्चा बहुधा सोय विरुद्ध गैरसोय अशी होते आणि तेथेच ती फसते. शेतमुक्कामातील गैरसोयी दोन वेगळ्या मुळांतून येतात. पहाटे जनावरांच्या हंबरण्याने झोप मोडणे, जेवण ठरलेल्या वेळीच मिळणे, पावसाळ्यात काळ्या चिकण मातीने पाय भरणे, कधी वीज नसणे, या गैरसोयी शेतीच्या स्वभावातून येतात आणि त्या काढून टाकल्या तर मुक्कामाचे प्रयोजनच संपते. उलट पिण्याच्या पाण्याची तपासणी नसणे, शौचालयाची दुर्दशा, कठडा नसलेली विहीर, उघड्या वायरी, या गैरसोयी हयगयीतून येतात आणि ‘गावात असेच असते’ हे त्यांचे समर्थन खोटे असते. गावातला नीटनेटका शेतकरी स्वतःच्या घरात त्या चालवून घेत नाही, मग पाहुण्याने त्या का चालवून घ्याव्यात?

साधेपणा आणि अस्वच्छता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात याचा सर्वांत ठळक दाखला लोणीपासून त्याच महामार्गावर पुढे असलेल्या उरुळी कांचन येथे आहे. महात्मा गांधी १९४६ च्या मार्चमध्ये तेथे आले, ऊन, पाणी, माती आणि रामनाम यांच्या आधारे त्यांनी गावातील रुग्णांवर उपचार सुरू केले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे चालवला आणि १९६७ मध्ये ग्रामीण विकासाचे काम करणारी ‘बाएफ’ ही संस्थाही तेथूनच स्थापन केली. गांधीजींच्या दृष्टीने निसर्गोपचार हा केवळ रोग्याचा उपचार नव्हता, तर गावाच्या स्वच्छतेचा आणि राहणीचाही भाग होता. आजही तेथे जाणारा माणूस साधी खोली, ठरलेल्या वेळा आणि मोजका आहार स्वीकारतो. आश्रम हे करमणुकीचे ठिकाण नाही आणि सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाने त्याच्याकडे त्या अपेक्षेने पाहू नये. परंतु कमी सामानात, कमी सोयींत, पण काटेकोर स्वच्छतेत राहणे शक्य आहे हे या पट्ट्याने पाऊणशे वर्षांहून अधिक काळ पाहिलेले आहे, त्यामुळे येथील यजमानाकडून तेवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरत नाही.

आता घराचा विचार. दख्खनच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात जुनी घरे जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंतींची आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे असलेली असत, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दाबून केलेले सपाट छप्पर असे. जास्त पावसाच्या भागात उतरती कौले असत. आज जे मंगलोरी कौल म्हणून ओळखले जाते त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला आणि तेथून ते पश्चिम भारतभर पसरले. जाड मातीच्या भिंतीचा गुण असा, की दुपारचे ऊन तिच्या बाहेरच्या अंगाला तापवते, पण ती उष्णता आतल्या अंगापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात, तोवर बाहेरची हवा गार झालेली असते आणि दारेखिडक्या उघडून घर निववता येते. पत्र्याच्या छपराचे वर्तन याच्या अगदी उलट असते. तो पाहता पाहता तापतो आणि खाली उष्णता फेकू लागतो. रात्री तितक्याच झपाट्याने निवतो, त्यामुळे जानेवारीत त्याच्याखालची खोली गारठते आणि पहाटे आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब जमून अंथरुणावर पडू शकतात. म्हणून बाहेरून शेणामातीचा गिलावा आणि वर पत्रा, अशी जी नवी ‘पारंपरिक’ खोली अनेक ठिकाणी बांधली जाते, ती दिसायला जुन्या घरासारखी असली तरी एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा पुणे परिसराचे कमाल तापमान अडतीस-चाळीस अंशांपर्यंत जाते, तेव्हा तिच्यात दुपार काढणे लहान मुलांना आणि वृद्धांना जड जाते. खोली ठरवताना भिंतीपेक्षा छपराची चौकशी अधिक महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

शेणाने सारवलेली जमीन हा या निवासाचा आवडता अलंकार आहे. शेणातील तंतू मातीला धरून ठेवतात, भेगा कमी पडतात, धूळ बसते आणि पायाला जमीन गार लागते, हा त्याचा खरा उपयोग. मात्र सारवण हे सतत करावे लागणारे काम आहे. ते आठवड्या-पंधरवड्याने झाले नाही तर पोपडे सुटतात, धूळ उडते आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तीच जमीन बाधते. दमट भिंतीला वाळवी लागते, कोपऱ्यांत मुंग्या आणि विंचू आसरा घेतात. थोडक्यात, मातीचे घर हे फरशीच्या घरापेक्षा जास्त कष्टाने राखावे लागते. ते राखणारे हात वर्षभर तेथे राबत असतील तर घर उत्तम असते, आणि केवळ शनिवार-रविवारी कुलूप उघडले जात असेल तर ते घर कितीही सुंदर रंगवलेले असले तरी टाळावे.

जेवण हा या मुक्कामाचा सर्वांत मोठा गुण मानला जातो आणि तो मान सार्थ आहे. त्यातही हिवाळ्यातील हुरड्याची तोड कशालाच नाही. रब्बी ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्थेतून पुढे जाऊन मऊ भरतात, पण अजून कडक झालेले नसतात, अशा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत कणसे तोडून जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात आणि शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, गूळ, बोरे यांच्याबरोबर खातात. या अवस्थेत दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर पूर्ण झालेले नसते, म्हणून तो गोड लागतो. गुळभेंडी, सुरती यांसारखे वाण खास हुरड्यासाठी पेरले जातात, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ हा वाण याच उपयोगासाठी काढला. हा आनंद काळाशी इतका बांधलेला आहे, की मार्चमध्ये ‘हुरडा पार्टी’ देणारे ठिकाण गोठवलेले दाणे वापरत असणार हे उघड आहे. शिवाय खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोर, यवत अशा मार्गाने दौंड-इंदापूरकडे जात असल्यामुळे लोणीच्या बागायती शिवारात ऊस, भाजीपाला आणि रोपवाटिका यांचा जोर जास्त असतो. येथे हुरड्याचे कणीस शेजारच्या जिरायती गावातून आणलेले असू शकते. त्यात कमीपणा नाही, पण यजमानाने ते सांगावे. लोणीच्या शेताने उसाचा ताजा रस आणि हिरव्या भाज्या द्याव्यात व कलमे बांधण्याची कला दाखवावी, तेच त्याचे खरे वैशिष्ट्य आहे.

चुलीवरच्या भाकरीची दुसरी बाजू धुराची आहे. लाकूड आणि गोवऱ्या जाळताना निघणारे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात आणि बंद स्वयंपाकघरात बसून भाकरी थापणाऱ्या बाईला ते दिवसचे दिवस भोगावे लागतात. पाहुण्याला मात्र तो सुवास एका जेवणापुरता मिळतो. म्हणून उघड्या पडवीत किंवा धुराडे असलेल्या जागी चूल असणे ही पाहुण्यापेक्षा यजमानीणबाईच्या दृष्टीने आवश्यक गोष्ट आहे. पन्नास माणसांची भाकरी, ठेचा, पिठले, भरले वांगे हे सारे त्या घरातील किंवा वस्तीवरील स्त्रियाच करतात, आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या हाती पडतात की ते घरकामात जमा धरले जाते, यावर या व्यवसायाचे खरे मूल्य अवलंबून आहे. महिला बचत गटाकडे स्वयंपाकाचे काम सोपवून त्याचा ठरलेला मोबदला देणारे केंद्र पाहुण्याने मुद्दाम निवडावे, इतका हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दुधाबद्दलही एक सूचना आवश्यक आहे. गोठ्यात काढलेले धारोष्ण, म्हणजे धारेची ऊब असलेले न तापवलेले दूध, मुलांना कौतुकाने पाजले जाते, पण त्यातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. धार काढताना पाहावी, दूध तापवूनच प्यावे.

मुलांच्या दृष्टीने शेतमुक्कामाचे लाभ मोठे आहेत. भाजी मंडईत नव्हे तर वेलीवर लागते एवढे कळण्यासाठी फेरफटका पुरतो, पण पाण्याची पाळी, वासराचे दूध पिणे, रोप लावल्यावर ते पडू नये म्हणून माती कशी दाबायची, या गोष्टी एक रात्र राहिल्यावरच दिसतात, कारण शेतीचे महत्त्वाचे काम पहाटे आणि सायंकाळी चालते. कृषिपंपांसाठीचा तीन-फेज वीजपुरवठा दिवसाकाठी मोजके तास, आणि अनेकदा पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळतो. रात्री वीज आली म्हणून बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेला शेतकरी पाहणे हे मुलांसाठी कोणत्याही खेळापेक्षा मोठे शिक्षण आहे. पक्ष्यांच्या बाबतीतही तेच. लोणीजवळ मुळा-मुठेवरील कवडीपाट हे पक्षिनिरीक्षकांचे परिचित ठिकाण असून हिवाळ्यात तेथे चक्रवाक, धोबी, शेकाट्या, नदी सुरय असे पक्षी दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तेथे पोचायचे तर जवळ मुक्काम असणे सोयीचे पडते.

परंतु कवडीपाटालाच या भूभागाचा सर्वांत मोठा दोषही दिसतो. पुणे शहरातून येणारे अपुरे शुद्ध केलेले किंवा मुळीच शुद्ध न केलेले सांडपाणी घेऊन नदी येथवर येते, बंधाऱ्यापाशी फेस आणि प्लास्टिकचा कचरा अडकतो, जलपर्णी माजते आणि पक्षी त्या कचऱ्यातूनच वावरताना दिसतात. अशा साचलेल्या, सेंद्रिय घाणीने भरलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास मुबलक वाढतात आणि सायंकाळी नदीकाठच्या वस्तीला त्यांचा उपद्रव होतो. ‘नदीकाठचा निवास’ हे कोकणात किंवा मावळात आकर्षण असेल, लोणीच्या खालच्या अंगाला मात्र तो तोट्याचा मुद्दा आहे. महामार्गाच्या दक्षिणेकडील, रामदरा या देवस्थानाच्या बाजूचा उंच भाग त्या मानाने निवांत आहे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. बागायती पट्ट्यात खतांच्या भरपूर वापरामुळे भूजलात नायट्रेट उतरण्याचा धोका असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, कारण वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने घटू शकते. पाणी उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. साध्या कापडाच्या किंवा वाळूच्या गाळणीनेही ते निघत नाही, त्यासाठी आरओ म्हणजे पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे यंत्र किंवा वेगळा पाणीस्रोत लागतो. म्हणून तान्ह्या बाळासह जाणाऱ्या कुटुंबाने विहिरीच्या ‘नैसर्गिक’ पाण्याचे कौतुक बाजूला ठेवून तपासणीचा अहवाल मागावा किंवा बाळापुरते पाणी बरोबर न्यावे.

सर्वांत गंभीर धोका मात्र पिण्याच्या नव्हे, साठवलेल्या पाण्याचा आहे. पोहण्याच्या तलावाजवळ पालक सावध असतात, विहिरीची भीतीही मुलांना घातलेली असते; शेततळ्याकडे मात्र कोणी धोका म्हणून पाहत नाही. शेततळे म्हणजे पावसाचे किंवा कालव्याचे पाणी साठवण्यासाठी खणलेला उतरत्या काठांचा खड्डा, आणि पाणी मुरू नये म्हणून त्याला प्लास्टिकचे अस्तर असते. हे अस्तर ओले झाले, त्यावर शेवाळ धरले, की काठाचा उतार इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या प्रौढालाही आधाराशिवाय वर येता येत नाही, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. महाराष्ट्रात शासकीय योजनांमुळे शेततळी गावोगाव झाली, शेतीला त्यांचा मोठा आधार मिळाला, पण अशा तळ्यांत बुडून मुले दगावल्याच्या बातम्याही दरवर्षी येतात. ज्या शेतावर पाहुण्यांची मुले येणार, तेथे तळ्याभोवती चहूबाजूंनी कुंपण, कुलूपबंद फाटक, काठावर बांधून आत सोडलेले गाठींचे दोर आणि तरंगणाऱ्या ट्यूब असायलाच हव्यात. या एका कसोटीवर केंद्र नापास होत असेल तर बाकीच्या साऱ्या गुणांना अर्थ उरत नाही.

सापांबद्दलची भीती अवास्तव असली तरी सावधगिरी वास्तव आहे. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करतो, आणि दंशाची जागा फारशी दुखत वा सुजत नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. म्हणून सारवलेल्या जमिनीवर गोधडी घालून झोपण्याची हौस खाटेवर आणि नीट खोचलेल्या मच्छरदाणीत भागवावी, रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बंद बूट वापरावेत. दंश झाल्यास सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोचणे हाच उपाय आहे, आणि येथे लोणीचा एक मोठा गुण पुढे येतो: महामार्ग आणि मोठी रुग्णालये जवळ आहेत. दुर्गम घाटातील निवासात जे अंतर जिवावर बेतू शकते, ते येथे थोडक्या वेळात कापले जाते. वृद्धांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने शांततेपेक्षा या जवळिकीला अधिक किंमत द्यावी. त्यांच्यासाठी उंच बैठकीचे शौचालय खोलीला लागून असणे, पायऱ्यांना कठडा असणे आणि रात्रभर एक दिवा चालू राहील एवढी इन्व्हर्टरची सोय असणे या गोष्टी आवश्यकच मानाव्यात.

शांततेची अपेक्षा मात्र लोणीकडून मर्यादितच ठेवावी. महामार्गावरून सोलापूर-हैदराबादकडील जड वाहने आणि तेल आगारांचे टँकर अहोरात्र धावतात, लग्नाच्या हंगामात मंगल कार्यालये आणि लॉन यांचे आवाज शिवारात पोचतात, पुण्याच्या दिव्यांची आभा असल्यामुळे आकाश खऱ्या अर्थाने काळे होत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि ज्या केंद्रात हा नियम पाहुण्यांना आधीच सांगितला जातो तेथे कुटुंबाला निदान झोप तरी मिळते. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून लोणी काळभोर येथे येते, तेव्हा महामार्गावरील वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत सहलीचा बेत करू नये, पण ज्यांना पाहुणचार म्हणजे काय हे पाहायचे आहे त्यांनी त्याच दिवसांत यावे, कारण अनोळखी वारकऱ्यांना घर, अंगण आणि पंगत मोकळी करून देणारे गाव तेव्हा दिसते, आणि तेथे कोणतेही दरपत्रक नसते.

दरपत्रकाचा विचार मात्र पाहुण्या कुटुंबाला करावाच लागतो. बहुतेक केंद्रांत आकारणी खोलीमागे नसून माणशी असते आणि तिच्यात न्याहारी, दोन जेवणे, चहा व शिवारफेरी धरलेली असते. त्यामुळे दोघांना हे ठिकाण हॉटेलपेक्षा स्वस्त वाटते, तर आजी-आजोबांसह सहा-सात जणांच्या कुटुंबाला तेच महाग पडू शकते. मुलांचा दर कोणत्या वयापासून लागतो हे आधी विचारणे शहाणपणाचे. लोणी शहराच्या इतके जवळ आहे की दिवसभराची सहल करून परतणे सहज जमते. केवळ जेवण, बैलगाडी आणि झोका एवढेच हवे असेल तर रात्रीचे पैसे खर्चण्यात अर्थ नाही. मुक्काम करावा तो पहाटेच्या कामासाठी, पक्ष्यांसाठी, थेऊरच्या चिंतामणीच्या गर्दीआधीच्या दर्शनासाठी. ज्या थेऊरला थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये निवर्तले ते गाव येथून हाकेच्या अंतरावर आहे.

केंद्र खरे की देखाव्याचे हे ओळखण्यासाठी नोंदणीचा कागद उपयोगी आहे, पण त्याहून उपयोगी आहेत ते दूरध्वनीवर विचारलेले दोन-तीन प्रश्न: सध्या शेतात कोणते पीक उभे आहे, मालकाचे कुटुंब तेथे राहते का, आणि आज भाजी कोणती होईल. शेतकरी या प्रश्नांची उत्तरे विचार न करता देतो. छापील पत्रक वाचणारा व्यवस्थापक अडखळतो. फवारणी कोणत्या दिवशी होणार हेही विचारावे, कारण कीटकनाशक मारलेल्या फडात किंवा पॉलिहाऊसमध्ये मुलांना लगेच नेणे योग्य नसते, आणि जो शेतकरी त्या दिवशी पाहुणे घेण्यास नकार देतो त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात निःशंकपणे जावे.

या साऱ्यावर जमिनीच्या भावाची छाया आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, लोणी काळभोर त्याच्या हद्दीत येते, आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पाडण्याचा वेग डोळ्यांना दिसतो. एक-दोन एकरांच्या मालकाला शेती विकून मिळणारी रक्कम आणि शेती राखून मिळणारे उत्पन्न यांतली तफावत इतकी आहे, की केवळ ऊस आणि भाजी यांच्या जोरावर ती भरून निघत नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या चार कुटुंबांचे पैसे ही तफावत मिटवू शकत नाहीत, तरी ज्या घरात पुढच्या पिढीतील एखाद्याला शेती ठेवायचीच आहे, त्याला वडिलांसमोर मांडायला एक हिशेब त्यातून मिळतो. अशा घरी पाहुणा म्हणून जाणाऱ्या कुटुंबाने वीज गेल्याची तक्रार करू नये, शेततळ्याला कुंपण नसल्याची मात्र अवश्य करावी.